उदयादित्याचं घर : कोण नोंदलं गेलं, कोण गळलं

मंडळाच्या प्रदर्शनासाठी परमार वंशाचा तक्ता मी केला होता. वर सीयक, त्याखाली वाक्पती मुंज आणि सिंधुराज, मग भोज, भोजाखाली सरळ रेषेने उदयादित्य, आणि त्याच्याखाली लक्ष्मदेव आणि नरवर्मा. चौकटी नीट, रेषा काटकोनात. अनेकांनी फोटो काढले, शाळेतल्या मुलांनी वहीत उतरवून घेतला. तक्त्यात चूक आहे असं कोणी म्हटलं नाही. पुढे मूळ लेख एकेक करून वाचायला घेतले तेव्हा कळलं की भोज आणि उदयादित्य यांच्यातली रेषा चुकलेली होती, दोघांच्या मधला एक राजा वगळला गेला होता, आणि उदयादित्याचा एक मुलगा आणि एक मुलगी माझ्या तक्त्यात नव्हतीच.

चूक माझी होती आणि ती मी दुरुस्त केली. पण हे टिपण लिहायचं कारण वेगळं आहे. ती चूक मी आळसापायी केलेली नव्हती. मी दगडावर विसंबून राहिलो होतो. आपल्याकडे बैठकीत वाद झाला की कोणीतरी म्हणतंच, "शिलालेखात लिहिलंय ना, मग संपलं." माझं म्हणणं असं, की शिलालेखात लिहिलं असेल तर तिथून खरं काम सुरू होतं. राजाचं घराणं आपली हकीकत दगडावर कोरून घेतं, तेव्हा आपल्याला अडचणीची माणसं ते कोरून घेत नाही. ती माणसं शोधायची तर लेख टीकेच्या नजरेने वाचावा लागतो. उदयादित्याचं घर हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

बुडालेला स्वामी

भोजाचं निधन साधारण इ. स. १०५५ च्या सुमारास झालं. त्यानंतरच्या गोंधळाबद्दल दोन मोठ्या प्रशस्ती बोलतात. एक विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरची, म्हणजे जिथे उदयादित्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ आजही उभं आहे तिथली. दुसरी नागपूरच्या संग्रहालयातली, विक्रम संवत ११६१ म्हणजे इ. स. ११०४ ची, नरवर्म्याच्या काळातली. हीच प्रशस्ती बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पहिल्यांदा छापली. पुढे कीलहॉर्न यांनी ती पुन्हा संपादित केली. 'दर्पण'कार म्हणून आपण बाळशास्त्रींना ओळखतो, पण माळव्याच्या इतिहासावरही त्यांचे असे उपकार आहेत.

दोन्ही प्रशस्तींचा सूर एकच आहे. भोज स्वर्गाला गेला, शत्रूंचा अंधार पसरला, आणि मग सूर्यासारखा उदयादित्य उगवला. नावावर श्लेष करण्याची संधी कवींनी सोडलेली नाही. या वाचनात भोजानंतर थेट उदयादित्य येतो, आणि माझ्या तक्त्यातली सरळ रेषा तिथूनच आली होती.

पण मांधात्याला, म्हणजे आपल्या ओंकारेश्वराला, विक्रम संवत १११२ चा एक ताम्रपट सापडलेला आहे. तो इ. स. १०५५-५६ चा. दान देणारा राजा आहे जयसिंह, आणि भोजाच्या चरणांचं ध्यान करणारा अशी स्वतःची ओळख तो करून देतो. राजस्थानात बांसवाड्याकडे पाणाहेड्याला संवत १११६ चा लेख आहे, त्यातही हा जयसिंह येतो. म्हणजे भोजानंतर काही वर्षं तरी धारच्या गादीवर जयसिंह बसला होता, दानं देत होता, मांडलिक त्याचं नाव घेत होते. उदयपूर आणि नागपूरच्या प्रशस्तींत मात्र त्याचं नाव नाही. पुढे तेराव्या शतकात अर्जुनवर्म्याच्या ताम्रपटांत जी वंशावळ येते तीही भोज, उदयादित्य, नरवर्मा, यशोवर्मा अशी चालते. जयसिंह त्यातून गेला तो गेलाच.

नागपूर प्रशस्तीत या जागेवर एक शब्द आहे, त्यावर मी बराच वेळ अडलो. भोजानंतर राज्य कसं झालं, तर 'कुल्याकुल' झालं, आणि त्याचा स्वामी बुडालेला होता, असं कवी सांगतो. मी पाटबंधाऱ्याच्या कामात नोकरी केली आहे. कुल्या म्हणजे पाट, कालवा. पाटांचं पाणी फुगून राज्यात शिरलं आणि धनी बुडाला, हा झाला सरळ अर्थ. पुढे उदयादित्य वराहासारखा पृथ्वी वर काढतो, तेव्हा पुराचं रूपक तिथे बसतंही. पण 'कुल्य' म्हणजे कुळातला माणूस, भाऊबंद. तसं वाचलं तर राज्य भाऊबंदकीने गांजलं असा अर्थ निघतो. संस्कृत कवी असा शब्द नकळत वापरत नाही. अभ्यासकांनी हा दुसरा अर्थ पूर्वीच हेरला आहे, आणि मला तो पटतो.

म्हणजे प्रशस्तीकाराने जयसिंहाचं नाव गाळलं, पण त्याची जागा पूर्ण बुजवली नाही. 'बुडालेला स्वामी' एवढी खूण मागे राहिली. पाटाचं पाणी उतरल्यावर बांधावर जशी ओलीची रेघ राहते, तशी. राज्य बुडवणाऱ्यांत कवी कलचुरी कर्ण आणि कर्णाट यांची नावं घेतो. बाहेरचे शत्रू नावानिशी येतात आणि घरातली भांडणं श्लेषाच्या आड लपतात. कुठल्याही घरात बाहेरच्यांसमोर असंच बोलतात.

भाऊ की भाऊबंद?

आता माझी दुसरी चूक. उदयादित्य भोजाचा कोण? मी खाली चौकट काढून रेषा ओढली तेव्हा तो मुलगा झाला. लेखांचं म्हणणं तसं नाही. नागपूर प्रशस्ती त्याला भोजाचा 'बंधू' म्हणते. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लेख त्याला भाऊ म्हणतो. आदिलाबादजवळ जैनदला एक लेख आहे, त्यात उदयादित्याच्या मुलाचा भोज हा चुलता ठरतो. मग सख्खा भाऊ म्हणायचं का?

इथे नुसती बेरीज-वजाबाकी करून बघावी. भोज गादीवर आला साधारण १०१० मध्ये, त्याचा बाप सिंधुराज गेल्यावर. त्यामुळे भोजाचा सख्खा भाऊ फार तर १०१०-११ पर्यंत जन्मलेला असणार. उदयादित्याचा काळ साधारण १०७० ते १०९३. म्हणजे तो साठीला टेकल्यावर राज्यावर आला, बुडालेलं राज्य लढून सोडवलं, देवळं उभारली, आणि ऐंशी ओलांडल्यावर गेला. अशक्य म्हणता येणार नाही. पण त्याचा मुलगा नरवर्मा ११३३ च्या आसपासपर्यंत राज्य करतो, आणि दुसरा मुलगा १११२ मध्ये परमुलखात जहागिरी सांभाळतोय. सगळं जुळवायला फार ताणावं लागतं. चुलतभाऊ किंवा त्याहून लांबचा भाऊबंद मानलं तर सगळं सहज बसतं. आपल्याकडेही चार पिढ्यांपलीकडच्या माणसाला 'आमचा भाऊ' म्हणतातच. गादी मिळवलेल्या माणसाला तर भोजाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं हवंच असणार.

म्हणून नव्या तक्त्यात भोज आणि उदयादित्य यांच्यामध्ये मी तुटक रेषा काढली आहे. काहींना ती अपुरी वाटली. पण ज्याची मोजणी झालेली नाही ते नकाशावर तुटक रेषेनेच दाखवतात.

दोन गावांच्या बदल्यात एक

उदयादित्यानंतर लक्ष्मदेव. नागपूर प्रशस्ती त्याच्या दिग्विजयाचं भरघोस वर्णन करते. गौड, अंग, कलिंग, चोल, पांड्य, सिंहल, आणि उत्तरेला थेट वंक्षू नदीच्या काठचे तुरुष्क. वंक्षू म्हणजे मध्य आशियातली आमू दर्या. नुकत्याच बुडता बुडता वाचलेल्या राज्याचा राजा श्रीलंकेपासून आमू दर्यापर्यंत फिरून आला, हे कोणीच खरं मानत नाही. रघुवंशातल्या दिग्विजयाचा साचा समोर ठेवून केलेली ही रचना आहे. या यादीत त्रिपुरीचं नाव मात्र आहे. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचं कलचुरींचं ठाणं. माळव्याचा त्यांच्याशी जुना हिशेब होता, म्हणून तिथली स्वारी अभ्यासक खरी धरतात. खऱ्या गोष्टीच्या भोवती कवीने पृथ्वी गुंडाळली आहे.

याच प्रशस्तीच्या शेवटी एक कोरडी, कचेरीतली वाटावी अशी नोंद येते. लक्ष्मदेवाने सूर्यग्रहणात दोन गावं दान दिली होती, नरवर्म्याने त्या दोन गावांच्या बदल्यात मोखलपाटक हे एक गाव दिलं. माझ्या मते सगळ्या प्रशस्तीत सर्वांत भरवशाची ओळ हीच. दिग्विजयात खोटं बोलून काही बिघडत नाही. गावाच्या मालकीत खोटं बोललं तर दान घेणारा गप्प बसणार नाही. मोठ्या भावाने दिलेली दोन गावं धाकट्याने एकावर आणली. त्यामागे काय होतं ते लेख सांगत नाही, आणि आपण कादंबरी रचायची गरज नाही. पण त्यातून एवढं दिसतं, की मोठ्या भावाची स्तुती करणं आणि त्याच्या दानात फेरफार करणं एकाच दगडावर, एकाच राजाच्या काळात चालू शकत होतं.

आपल्या उज्जैनमध्ये, महाकालाच्या आवारात, सर्पबंध लेख आहे. नागाच्या वेटोळ्यात वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय बसवलेले. तसाच धारला आहे, आणि खरगोन जिल्ह्यातल्या ऊनलाही. उज्जैन आणि ऊनच्या लेखांत उदयादित्य आणि नरवर्मा या दोघांची नावं येतात. वर्णांच्या रक्षणासाठी दोघांची तलवार सारखीच सज्ज आहे असा आशय, आणि 'वर्ण' म्हणजे अक्षरंही आणि चातुर्वर्ण्यही असा श्लेष. बाप आणि मुलगा, मध्ये कोणी नाही. लक्ष्मदेव इथे गळला. पुढच्या ताम्रपटांच्या वंशावळीतही तो सापडत नाही. नागपूरचा दगड नसता तर आपल्याला तो राजा म्हणून माहीतच नसता.

निघून गेलेला धाकटा

आता जगद्देव. माझ्या पहिल्या तक्त्यात हा नव्हताच, कारण माळव्यातल्या वंशावळींत तो नाही. तो सापडतो घराबाहेर. डोंगरगावचा लेख शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा. वा. वि. मिराशींनी तो संपादित केला. लेखाची हकीकत थोडक्यात अशी. भोजानंतर तीन शत्रूंनी माळवा बुडवला, उदयादित्याने तो वर काढला. त्याला मुलगे होते, तरी मनासारखा मुलगा हवा म्हणून त्याने शिवाची आराधना केली आणि जगद्देव झाला. बाप गेल्यावर राजलक्ष्मी या धाकट्याकडेच चालून आली. पण थोरल्याच्या आधी धाकट्याने लग्न केलं तर परिवित्तीचं पाप लागतं, म्हणून त्याने ती थोरल्या भावाला देऊन टाकली. मग तो कुंतलाच्या राजाकडे गेला. त्या राजाने त्याला आपल्या मुलांत पहिला मानलं, उजवा हात म्हटलं.

वाचायला फार गोड. आपल्याकडे अजूनही थोरला बिनलग्नाचा असताना धाकटा बोहल्यावर चढला तर चार लोक बोलतात, त्यामुळे रूपक चटकन पोचतं. मंडळात एकाने तर याला माळव्यातला भरत म्हटलं. मलाही मोह झाला होता. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली अशी. कुंतलाचा हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य, कारकीर्द १०७६ ते ११२६. हा स्वतः गादीवर कसा आला? थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत करून. म्हणजे थोरल्याचं राज्य घ्यायचं नाही म्हणून घर सोडलेला माणूस, थोरल्याचं राज्य घेतलेल्या माणसाच्या पदरी राहिला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विक्रमादित्याच्या दरबारी बिल्हण हा काश्मिरी कवी होता. त्याने 'विक्रमांकदेवचरित' लिहिलं. त्यात बाप आहवमल्ल विक्रमादित्याला युवराज करू म्हणतो, तेव्हा विक्रमादित्य नकार देतो. का, तर लक्ष्मीचं पाणिग्रहण आधी थोरल्या भावाने करावं, हा क्रम उलटा करून मिळणारं वैभव मला नको. रूपक तेच, लग्नाचं. आणि नायक तो, ज्याने पुढे थोरल्याला गादीवरून उतरवलं! बिल्हणाला ते झाकायचं होतं, म्हणून त्याने आधी त्यागाचा प्रसंग रंगवला, हे उघड आहे.

आता डोंगरगावचा लेख पुन्हा वाचा. जगद्देव त्याच राजाच्या पदरी, लेख त्याच राज्यात कोरलेला, बिल्हणाच्या काव्यानंतरचा. राजलक्ष्मी ही नवरी, थोरल्याचा पहिला मान, धाकट्याचा त्याग. माझं वाचन असं, की हा जगद्देवाच्या मनातला हेतू नव्हे, ही त्या दरबारातली रूढ बोली आहे. धाकटा राजपुत्र घर सोडून आला की त्याच्याबद्दल सभ्यपणे काय म्हणायचं, याचा साचा कुंतलात तयार होता. आणि तो साचा यजमान राजालाही सोयीचा होता, कारण त्याच्या स्वतःच्या चरित्रातही तोच बसवलेला होता. जगद्देव खरोखर उदार असेलही. पण हा लेख त्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

शिवाय हे कुंतल म्हणजे परमारांच्या घरात नावानिशी आठवलं जाणारं वैर. वाक्पती मुंजाला ठार केलं ते कुंतलाच्याच तैलपाने. नागपूर प्रशस्तीत राज्य बुडवणाऱ्यांत कर्णाट आहे. त्याच दारात उदयादित्याचा मुलगा जातो, तेव्हा घरी सगळं आलबेल असेल असं मानायला मन धजत नाही.

जैनदचा लेख त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलतो. आंध्रावर स्वारी, चक्रदुर्गात प्रवेश, दोरसमुद्रावर धडक, आबूच्या पायथ्याशी गुर्जरांशी लढाई. दोरसमुद्र म्हणजे होयसळांची राजधानी. होयसळांचे लेख काय म्हणतात? जगद्देव नावाच्या शत्रूला आम्ही दोरसमुद्रापाशी हरवलं. तो जगद्देव हाच, की सांतर घराण्यातला दुसरा, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. हाच असेल तर एका लढाईचे दोन विजेते झाले.

भाटांनी काय राखलं?

गुजरातेत जगदेव परमाराची कथा भाटांनी शतकानुशतकं सांगितली. फोर्ब्जच्या १८५६ च्या 'रासमाला'त ती विस्ताराने आहे. सावत्र आई, तिचा मत्सर, थोरला सावत्र भाऊ रणधवल, घर सोडून पाटणला सिद्धराज जयसिंहाची चाकरी, धन्यासाठी शिर द्यायची तयारी, कंकाळी भाटणीला शिराचं दान. इतिहास म्हणून कथा पावलोपावली अडखळते. थोरल्या भावाचं नाव लक्ष्मदेवही नाही, नरवर्माही नाही. सावत्र आई वाघेली आहे, आणि वाघेल्यांचा जोर पुढच्या, तेराव्या शतकातला. ज्या सिद्धराजाची त्याने चाकरी केली म्हणतात, त्याच्याच गुर्जर सैन्याशी तो लढला असं जैनदचा लेख म्हणतो. १३०५ च्या मेरुतुंगाच्या 'प्रबंधचिंतामणी'त मात्र सिद्धराजाकडून तो परमर्दी राजाकडे गेल्याचं येतं. परमर्दी म्हणजे पेर्माडी, आणि पेर्माडी हे विक्रमादित्याचंच नाव. म्हणजे चाकरीचा मुक्काम बदलल्याची आठवण कुठेतरी शिल्लक होती.

आता एक विचार करून बघा. जैनद आणि डोंगरगावचे दगड सापडलेच नसते तर? हाती फक्त नागपूर, उदयपूर आणि ताम्रपट. मग माझ्यासारख्या माणसाने ठणकावून सांगितलं असतं, की जगदेव ही भाटांची कल्पना, पुराव्यात बसत नाही, काढून टाका. आणि मी चुकलो असतो. उदयादित्याला जगदेव नावाचा धाकटा मुलगा होता, तो घर सोडून परदरबारी गेला, हा कणा भाटांनी बरोबर राखला. उलट घरातलं भांडण दगडाने गुळगुळीत केलं आणि कथेने उघडं ठेवलं. सावत्र आईची गोष्ट खरी असेलच असं नाही, पण धाकट्याच्या जाण्यामागे घरात काही बिनसलं होतं ही शंका घ्यायला कथा भाग पाडते.

माळव्यातही तो पुरता विसरला गेला नव्हता. अर्जुनवर्म्याने अमरुशतकावर टीका लिहिली, तीत तो जगद्देवाला आपला पूर्वज म्हणतो आणि त्याच्या रूपाची वाखाणणी करतो. याच अर्जुनवर्म्याच्या ताम्रपटांत जगद्देव नाही. राजा तोच, घराणं तेच. ताम्रपटात हक्काची साखळी लागते, तिथे बाजूला गेलेल्या माणसाला जागा नाही. काव्याच्या टीकेत मन मोकळं होतं, तिथे तो आठवतो. म्हणून मी आता एखादं नाव नाही असं दिसलं की आधी विचारतो, कुठल्या प्रकारच्या कागदात नाही?

लेक

राहिली श्यामलदेवी. ही उदयादित्याची मुलगी आपल्याला माहीत आहे ती भेडाघाटच्या लेखामुळे. कलचुरी संवत ९०७ चा हा लेख, म्हणजे इ. स. ११५५ चा. कोरवून घेतला राणी अल्हणदेवीने, तिने बांधलेल्या शिवमंदिराच्या निमित्ताने. आपण कोण हे सांगताना ती मेवाडचा गुहिल राजा विजयसिंह हा बाप सांगते आणि माळव्याच्या उदयादित्याची मुलगी श्यामलदेवी ही आई सांगते. अल्हणदेवीचा नवरा गयकर्ण. आणि गयकर्णाचा आजा कोण? तोच कर्ण, ज्याने माळवा बुडवला म्हणून नागपूर प्रशस्ती सांगते. म्हणजे उदयादित्याने ज्याच्या तावडीतून राज्य सोडवलं, त्याच्या नातवाच्या घरात उदयादित्याची नात सून म्हणून गेली. दोन लेखांमध्ये जेमतेम पन्नास वर्षांचं अंतर. नर्मदेकाठी धुवांधार बघायला आपण जातो, तेव्हा उज्जैन-धारचं हे नातं तिथे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जैनदचं देऊळही एका बाईनेच बांधलेलं आहे. जगद्देवाचा सरदार लोलार्क, त्याची बायको पद्मावती, तिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं मंदिर उभारलं आणि त्या निमित्ताने लेख कोरला गेला. तिने देऊळ बांधलं नसतं तर जगद्देवाच्या स्वाऱ्यांबद्दल आपल्याला डोंगरगावच्या गोड शब्दांपलीकडे फारसं काही मिळालं नसतं.

लेले आणि लुआर्ड यांनी १९०८ मध्ये धार-माळव्याच्या परमारांवर पुस्तक केलं. काशिनाथ कृष्ण लेले धारचे, आपल्याच मराठी मंडळींपैकी. भोजशाळेतले लेख ओळखण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या हाती डोंगरगाव नव्हतं, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. माझ्या हाती सगळं छापील होतं. तरी मी माळव्यातल्या दोन-चार लेखांवर थांबलो, कारण घराण्याची माहिती घराण्याच्याच लेखात असणार असं मी गृहीत धरलं होतं.

नवा तक्ता आता तयार आहे. भोजाच्या खाली जयसिंह, तुटक रेषेने. बाजूला उदयादित्य, तोही तुटक रेषेने. त्याच्याखाली चार चौकटी : लक्ष्मदेव, नरवर्मा, जगद्देव, श्यामलदेवी. प्रत्येक नावाखाली, ते आपल्याला कुठल्या गावच्या लेखामुळे कळलं, त्या गावाचं नाव लिहिलं आहे. जयसिंहाखाली मांधाता आणि पाणाहेडा, लक्ष्मदेवाखाली नागपूर, जगद्देवाखाली डोंगरगाव आणि जैनद, श्यामलदेवीखाली भेडाघाट. उज्जैन फक्त नरवर्म्याच्या चौकटीत आलं.

ज्या मुलांनी जुना तक्ता वहीत उतरवून घेतला, त्यांच्या शाळेत हा नवा तक्ता मी स्वतः नेऊन लावणार आहे, आणि जुन्यात काय चुकलं होतं तेही त्यांना सांगणार आहे.